पोहेवाल्या साहेबांची कबर

बाबा,

शालोम लिहू की सलाम? इथून जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तुमच्यासमोर क्षणभर थांबतो आणि सलाम करतो. तुम्हाला ते चालतं की नाही, मी कसं सांगू! म्हणून दोन्ही लिहून टाकतो.

आज गुरुवार. सोमवारी रिबकाताई येते आहे, भाऊजींना घेऊन. सोबत लाकडी पेटी आणणार आहे. तुमच्या कबरीचं मी तिला कळवलं होतं, परवा तिचं आंतर्देशीय आलं. "एली, आम्ही इस्रायलला निघालो आहोत. बाबांना परक्यांच्या मातीत ठेवून मी विमानात बसणार नाही. आईच्या शेजारची जागा राखून ठेवली आहे. सोमवारी येते. खोदायला दोन माणसं सांगून ठेव." बस्स, एवढंच. ताईचं पत्र म्हणजे तारच असते, तुम्हाला माहीत आहे.

तर सांगा, माणसं सांगू का नको? चार दिवस उरले आणि मले काहीच... मला काहीच सुचत नाही. (बघा, तुम्ही वाचणार म्हणून सुधारून लिहितो आहे. "मले नाही रे, मला!" किती वर्षं ओरडलात!) ज्याला विचारायचं तोच खाली झोपलाय. काल दुपारी तुमच्याजवळ बसून तोंडानं बोलून पाहिलं. पण बोलायला लागलो की माझं काय होतं ते काय सांगू तुम्हाला? एकातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं. तासाभरानं मी पलीकडच्या बिब्याच्या झाडावर किती पोपट आहेत ते मोजत होतो आणि मुद्द्याचं सगळं तसंच राहिलं होतं. लिहिताना तरी एका रेघेवर राहीन असं वाटलं.

आलापल्लीच्या लाकूड डेपोतून आपण दर वर्षी इथं यायचो, आठवतं? थंडी सरायला आली, चारोळीला मोहोर धरला की तुमचा पाय घरात ठरायचा नाही. सिरोंच्याची एसटी, नाल्यावर उतरायचं, मग सागाच्या जंगलातून दोन कोस पायी. तुमच्या खांद्यावर पोह्यांची पिशवी, ताईच्या हातात नारळ, आणि मी सगळ्यांच्या मागं. मी मागं, कारण वाटेत वारूळ दिसायचं, सापाची कात दिसायची, कोणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. "एली ऽऽ!" तुमची हाक अजून या झाडांत आहे. आई नसलेल्या पोराला मारायचं कसं, म्हणून तुम्ही नुसत्या हाका मारायचात.

आणि जंगलाच्या मधोमध हा दगड. कबर नाही, घुमट नाही. एक सपाट काळा दगड, पाठीला टेकायला दुसरा, वर हिरवं कापड. मी विचारलं होतं, "इथं कोण पुरलंय?" तुम्ही म्हणालात, "कोणीच नाही. एलियाहू हनाबी मेलाच नाही रे. अग्नीच्या रथातून जिवंत वर गेला, आणि अजून फिरतो. वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, आणि दमला की इथं येऊन बसतो." मुसलमान त्यालाच इलियास नबी म्हणतात, रानावनाचा राखणदार. आजोबांच्या वेळी एक बांबूचा गाडीवान पावसात चुकला होता, या दगडावर बसलेल्या म्हाताऱ्यानं काठीनं त्याला रस्ता दाखवला, आणि मागं वळून पाहतो तर दगड रिकामा. ही गोष्ट तुम्ही सांगायचात. तेव्हाचे म्हातारे मुजावरही हीच सांगायचे. फक्त त्यांच्या गोष्टीत काठी निंबाची होती आणि तुमच्या गोष्टीत सागाची. त्यावरून तुम्हा दोघांची दर वर्षी हुज्जत!

आपला मलिदा पोह्यांचा. गूळ, खोबरं, केळी, वरून वेलदोडा. त्यांचा मलिदा रोटीचा, तुपात चुरलेला. दोन ताटं दगडासमोर शेजारी शेजारी. तुम्ही आपली प्रार्थना म्हणायची, त्यांनी त्यांची फातेहा, आणि मग ताटं बदलायची. आपलं त्यांनी खायचं, त्यांचं आपण. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. असंच चालत आलंय म्हणे. मुजावर हसून म्हणायचे, "नबीको पोहा पसंद है साहेब, देखो, तुम्हारी थाली पहले खतम होती!" आणि तुम्ही लहान पोरासारखे खूश व्हायचात.

त्याच दगडावर मी बसलो होतो. आठ वर्षांचा होतो. पाय दुखत होते, दगड गार होता, रिकामा होता. बसलो! केवढा गलका झाला! मुजावरांनी कान पकडले, ताई रडायला लागली. आणि तुम्ही? तुम्ही मला खाली उतरवलं, माझ्या चड्डीवरची धूळ झटकली आणि म्हणालात, "झालं! नबीची जागा घेतली यानं. आता हाही त्याच्यासारखाच फिरणार. एका जागी बसायचा नाही."

गंमत म्हणून म्हणालात ना बाबा? सगळे हसले. पण मी ते खरं धरलं. शाळा सुटली तेव्हा, घरातून निघालो तेव्हा, प्रत्येक वेळी मनात तेच म्हणायचो: माझ्या हातात काय आहे, मी त्या दगडावर बसलोय. किती सोयीचं होतं ते! असं का बोललात? एवढी एक तक्रार आहे. दुसरी नाही.

नववीत दुसऱ्यांदा बसलो तेव्हा आपण चंद्रपूरला आलो होतो. तुमची नोकरी संपत आली होती आणि डेपोत मला चिकटवायचं तुमच्या मनात होतं. लाकडं मोजायची, सालीवर हातोड्याचा शिक्का मारायचा, वहीत लिहायचं. मी दोन महिने केलं. पाय आत आणि डोळे बाहेर. तुम्ही मात्र रोज सकाळी चकाचक दाढी करायचात. स्टीलच्या वाटीत साबणाचा फेस, टॉवेल खांद्यावर. डेपोतले हमाल तुम्हाला मागून "चिकने साहेब" म्हणायचे, ते तुम्हाला कळायचं आणि आवडायचंही. आणि घरात शिरताना दारात डावा बूट काढून चौकटीवर दोनदा आपटायचात. टक, टक. भुसा पडो न पडो. आम्हाला आवाजावरूनच कळायचं, बाबा आले.

मी न सांगता गेलो. वडशाला. भाताची कापणी झाली की तिथून नाटक मंडळ्या निघतात, तुम्हाला माहीत आहे, झाडीपट्टीत गावोगाव मांडव. मला पडदा ओढायचं काम मिळालं. तीन हिवाळे मी पडदे ओढले. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजायला, पावसात कुठंही, ट्रकवर, नागभीडला एका हॉटेलात. नाव सांगायचो राजू. एली म्हटलं की लोक विचारायचे, हे कसलं नाव? आणि मग सगळं सांगत बसावं लागे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, बेने इस्रायल म्हणजे ज्यू, कोकणातून कसे आलो. कंटाळा यायचा. राजू बरं होतं.

पत्र नाही टाकलं. एकही नाही. टाकणार होतो, कार्डं घ्यायचो, खिशात भिजून जायची. आता लिहितोय बघा, केवढं लांब!

या पावसाळ्याच्या शेवटी मी घरी आलो. कुलूप. शेजारच्या मेश्रामबाई भात निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आला काय रे?" मग म्हणाल्या. "लई लवकर आला!"

"बाबा कुठी आहेत बाई?"

"नबीकडे जातो म्हणून गेले ना, भर उन्हाळ्यात. मी म्हटलं, साहेब, एवढ्या तापाचं काऊन जाता? तर म्हणे, चुकलेल्याले वाट तोच दाखवते. अन् आले नाई ना परत."

मग त्यांनी दाढीचं सांगितलं. मी गेलो त्या दिवशीच तुम्ही वस्तरा वाटीत ठेवला आणि वाटी उपडी केली. नवसच केलात: पोरगा येईल, नबीच्या दगडासमोर स्वतःच्या हातानं ही दाढी कापेल, तोवर पातं लावायचं नाही. तीन वर्षं! तुम्ही, चिकने साहेब! "छातीपर्यंत आली होती रे," मेश्रामबाई म्हणाल्या. "लहान लेकरं भ्यायची. अन् कुठीबी निघाले की खिशात कात्री. मी हसायची, कात्री कायले साहेब? तर म्हणे, पोरगं कुठी भेटन सांगता येत नाई बाई."

आईची कात्री, बाबा. मुठीला निळा दोरा गुंडाळलेली. ती मला इथं भेटली, हुसेनचाचांच्या पेटीत.

चाचा आताचे मुजावर. जुने मुजावर वारले, त्यांचे हे जावई. तीन-चार वर्षांपूर्वी सिरोंच्याकडून आले, आणि मी गेल्यापासून तुमचंही इथं येणं थांबलं होतं, म्हणून त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. चाची मात्र इथल्याच, जुन्या मुजावरांची लेक. लहानपणी आपल्या ताटातले पोहे खाल्लेल्या. मी आलो, कोण आहे ते सांगितलं, तुमचं वर्णन केलं, तेव्हा चाचा जागेवरच खाली बसले. चाची त्यांच्यावर तुटून पडल्या.

"मैं बोली थी ना! थैली में पोहा है, गूड है, नारियल है, ये पोहेवाले लोगां का सामान है! सुनता कौन मेरी!"

"अगे, तूच बोली थी, वो साहेब बिनदाढी के थे!"

"दाढी उगती नहीं क्या आदमी को? तुम्हारी कैसी उगी?"

मला त्या वेळी हसू आलं, बाबा. खरंच आलं. आणि हसता हसता जे सुरू झालं ते थांबेना. चाचींनी मला पाणी पाजलं. मग एकेक सांगितलं.

तुम्ही दुपारी पोचलात. नाल्यापासून दोन कोस, उन्हात, एकटे. दगडापाशी आलात आणि कोसळलात. चाचींनी डोकं मांडीवर घेतलं, ओला पदर फिरवला. तुम्ही सारखं विचारत होतात, पोरगा आला का? माझा पोरगा आला का? "मैं झूठ बोली बेटा," चाची म्हणाल्या. "मैं बोली, आ गया. हाथपाँव धो रहा है. अब्बी आता."

बाबा, तुम्ही त्यावर काय केलंत, माहीत आहे? चाची म्हणतात, हसलात. आणि दगडाकडे तोंड करून "नबी, नबी" म्हणत राहिलात, श्वास थांबेपर्यंत.

मग त्यांनी तरी काय करावं? पांढरी दाढी, तोंडात नबी, नबीच्या पायाशी मरण. न्हाऊ घालताना उरलीसुरली शंका गेली, सुंता झालेली. ती आपल्यातही होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार! इथं मुसलमानांची घरं चारच. चाचांनी पोराला सायकलवर पिटाळून तीन गावांतून माणसं गोळा केली. वाटेवरच्या वाडीतल्या माडिया लोकांनी खड्डा खणला, वैशाखातली जमीन, कुदळ लागली की उडायची म्हणे. कोणी कोरं कापड दिलं, कोणी अत्तर. जनाजा निघाला तेव्हा ज्यांना ज्यांना वाटेत दिसला ते सगळे खांदा द्यायला आले. परगावचा, बिननावाचा म्हातारा! आणि तुमच्या पिशवीतले पोहे, गूळ, खोबरं चाचींनी कालवले आणि तुमच्या नावानं वाटले. नाव माहीत नव्हतं, तरी तुमच्याच नावानं. तेव्हापासून लोक "बाबा की कबर" म्हणायचे. आता चाची सगळ्यांना सांगत फिरतात, "पोहेवाले साहेब की कबर."

म्हणजे तुमच्यावर आपली प्रार्थना कोणी म्हटली नाही. शेमा नाही, गेलेल्यासाठी म्हणायची कद्दिश नाही. कद्दिशला आपली दहा माणसं लागतात, आणि या अख्ख्या जंगलात आपलं माणूस मी एकटा. आणि मला शेमाची पहिली ओळ येते. पुढची येत नाही! तुम्ही शिकवायला बसायचात तेव्हा मी खिडकीतून खारीकडे बघत असायचो.

ताईचं म्हणणं खोटं आहे का? नाही ना! आईनं आपल्या माहेरी, समुद्राजवळ डोळे मिटले आणि तिथंच तिला ठेवली. तुम्ही एकदा म्हणाला होतात, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या दिव्यासमोर, "मला तिच्या शेजारी." एकदाच म्हणालात. पण ताईनं ते धरून ठेवलंय. ती हुशार, ती शिकली, ती नेहमी बरोबर. ती म्हणेल, तू तीन वर्षं कुठं होतास? आणि तुला विचारायचं तरी कशाला?

चाचांना मी पत्र वाचून दाखवलं. हातातली दोरी त्यांनी शेवटच्या गाठीपर्यंत वळली. मग म्हणाले, "तेरा बाप है बेटा. कुदळ मैं दूँगा. पर एक दिन पहले बोलना. उस दिन मैं घर पे नहीं रहूँगा."

त्यांनी "नको" म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं!

आता जे लिहायचं त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. आणि बघा, किती पानं झाली, दगड, पोहे, पोपट, सगळं लिहून झालं आणि तेवढं राहिलं. हात तिकडे जातच नाही.

बाबा, मी तुम्हाला पाहिलं होतं. मागच्या हिवाळ्यात. वडशाला.

दुपारची वेळ. मांडव उभा होत होता, मी मागं दोऱ्या बांधत होतो. गेटवरचा माणूस आत आला. "राजू, कोणी म्हातारा आला आहे, कोणाले तं शोधून राह्यला. एली का फेली. पाहतं काय?"

एली! माझंच नाव होतं ते. मी चरकलो. पडद्याला एक भोक होतं, त्यातून पाहिलं. तुम्ही नव्हतातच! कोणी तरी फकीर होता. छातीपर्यंत दाढी, कापडी पिशवी, वाकलेला. मला वाटलं, बाबांनी कोणाला तरी पाठवलंय, कोणा मौलवीला, मला पकडून न्यायला. मी म्हटलं, "सांग, असा कोणी नाई इथी. पुढं पाठव त्याले."

आणि तेवढ्यात पेटी वाजवणाऱ्याच्या पेटीतून उंदीर निघाला. सगळे धावले. मीही धावणार होतो. जाता जाता भोकातून एकदा पाहिलं. तो म्हातारा गेटजवळ थांबला होता. त्यानं डावा बूट काढला आणि मांडवाच्या खांबावर आपटला. दोनदा.

मी काय केलं माहीत आहे? मला हसू आलं. मनात म्हटलं, अरे, हे म्हातारं तर आपल्या बाबांसारखंच करते! आणि मी उंदराच्या मागं गेलो.

उंदराच्या मागं, बाबा!

खरं तर मला तेव्हाच कळलं होतं का? रोज विचारतो स्वतःला. डोळ्यांनी ओळखलं नाही, कानांनी ओळखलं होतं. पण ओळखलं असतं तर घरी जावं लागलं असतं. म्हणून मी कानांना गप्प बसवलं. खात्री मला इथं झाली. चाचींनी सांगितलं, तुम्ही दगडापाशी आलात, तोल जात होता, तरी आधी डावा बूट काढलात आणि झाडाच्या बुंध्यावर दोनदा आपटलात. त्यांना त्याचं नवल वाटलं होतं. मला वडशाचा तो खांब दिसला.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. चाचांना नाही, मेश्रामबाईंना नाही. ताईला तर नाहीच. ताई समजते, मी लांब कुठं तरी होतो, मला पत्ता लागला नाही.

त्याच दाढीमुळं तुमच्या पोटच्या पोरानं तुम्हाला गेटवरून परत पाठवलं. त्याच दाढीमुळं इथल्यांनी तुम्हाला उचलून आपल्यात घेतलं. चूक दोघांचीही. पण मला सांगा, मी कोणत्या तोंडानं या माणसांच्या हातातून तुम्हाला काढून घेऊ? त्या चाचांसमोर कुदळ कशी उचलू? आणि नाही उचलली तर आईला काय सांगू?

मी एक पाहिलं, तेवढं सांगतो. त्यांनी तुम्हाला कुशीवर, पश्चिमेकडे तोंड करून ठेवलंय. मक्केकडे. आणि चंद्रपूरच्या घरात तुम्ही प्रार्थनेला उभे राहायचात तेही पश्चिमेच्याच भिंतीकडे तोंड करून, येरुशलाईम तिकडे म्हणून. काल मी तुमच्या उशाशी उभं राहून बघितलं. सूर्य अगदी तुमच्या समोर मावळतो. दिशा तरी चुकलेली नाही, बाबा. आणि समुद्रही तिकडेच आहे ना, आईचा?

आज चाचींनी सकाळी रोटीचा मलिदा केला. मला म्हणाल्या, "तेरे बाप की थाली तू बना." मी पोहे भिजत घातले आणि तिथं एक घोरपड निघाली, ती बघायला गेलो. परत आलो तर पोह्यांचा लगदा! तुम्ही नुसते रोवळीत धुवायचात, भिजवायचात कुठं! तसाच गूळ-खोबरं घालून कालवला आणि दगडासमोर ठेवला. शेमाची पहिली ओळ म्हटली. पुढं येईना, म्हणून तीच पुन्हा म्हटली, पुन्हा, पुन्हा. चाचा मागं हात बांधून उभे होते. मग ताटं बदलली. चाचींनी तो लगदा खाल्ला, सगळा, बोटं चाटून. म्हणाल्या, "नरम हुआ. मेरे दाँत नहीं ना, अच्छा है."

वडशाहून निरोपही आला आहे. सीझन उघडतोय, पडद्याला माणूस पाहिजे. निरोप ऐकला आणि माझ्या पायांना काय झालं, तुम्हाला म्हणून सांगतो: बसल्या जागी उठले! सोमवारच्या आधी निघून जाता येईल, असंही मनात आलं. ताई येईल, पेटी येईल, चाचा घरी नसतील, आणि मीही नसेन. केवढं सोपं! लाज वाटली, पण आलं मनात.

म्हणून हे लिहून ठेवतोय. मी शब्द देतो आणि विसरतो, तुम्हाला माहीत आहे, म्हणून कागदावर.

सोमवारी ताई आली की पेटी उघडायच्या आधी मी तिला दगडासमोर बसवीन. पोहे भिजवणार नाही, धुवीन. ताटं बदलीन आणि चाचींच्या हातचा मलिदा तिच्या हातात देईन. आणि मग तिला वडशाचं सांगेन. सगळं. राजूचं, भोकाचं, उंदराचं, बुटाचं. इथल्या लोकांनी तुम्हाला काय दिलं ते तिला दुसऱ्या कशानं कळणार? माझ्याजवळ दुसरं काही नाही. मग म्हणेन, ताई, बाबांना इथंच राहू दे. ती ओरडेल. कदाचित थोबाडीत मारेल. कदाचित पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही आणि विमानात बसेल. कदाचित म्हणेल, तरीही खोदायचं. तसं म्हणाली तर तुमच्यासोबत मीही जाईन, आईच्या समुद्राकडे. तुम्ही जिथं, तिथं मी. कद्दिश ताईकडून मराठी अक्षरांत लिहून घेईन आणि मुलानं म्हणायची असते तशी अकरा महिने रोज म्हणेन, दहा माणसं असोत की नसोत. अकरा महिने जागचा हलणार नाही. त्या दगडावर बसलो होतो, आता खाली बसतो.

मी इथं आल्यापासून दाढी केलेली नाही. आधी सुचलं नाही म्हणून, मग मुद्दाम. सांगून झालं की आईची कात्री ताईच्या हातात देईन आणि तिच्यासमोर मान खाली घालीन. तिला वाटलं तर ती कापेल. नाही वाटलं तर वाढू दे. ती परत येईपर्यंत वाढू दे, छातीपर्यंत, तुमच्यासारखी.

आणि बाबा, चाची खोटं बोलल्या नव्हत्या असं धरा. आलोय मी. हातपाय धुतले.

तुमचा,
एका जागी बसलेला
एली